रेडा पडल्यावरच्या टाळ्या

फिनियस चिरेंजे नेमबाजीच्या परीक्षेत कधीच नापास झाला नाही. तो नापास झाला कायद्याच्या पेपरात, आणि तोही दोनदा. आमच्या दांडे खोऱ्यात ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, कारण त्याच्या मित्राने, जायरोसने, ती कुणापासून लपू दिलेली नाही.

त्या पेपरात दरवर्षी एक प्रश्न हमखास यायचा. तुमच्या पाहुण्याच्या हातून शिकारीत चुकून तुमच्याच माणसाला गोळी लागली, तर जबाबदार कोण? फिनियसने पहिल्या वर्षी लिहिलं, ज्याने चाप ओढला तो. दुसऱ्या वर्षी जरा डोकं चालवून लिहिलं, चाप ओढणारा आणि मध्ये येणारा, निम्मे निम्मे. तिसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने, माई टेंडाईने, पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. रोज सकाळी मक्याच्या पिठाचा साद्झा घोटता घोटता ती विचारायची, "जबाबदार कोण?" नवरा अडखळला की हातातली लाकडी पळी वर जायची.

"मी," फिनियस म्हणायचा. "लायसन्स माझं, पाहुणा माझा, जंगलात घेऊन गेलो मी."

"मोठ्याने बोला. पेपर तपासणाऱ्या बाईंना ऐकू गेलं पाहिजे."

"मी!"

तिसऱ्या वर्षी तो पास झाला आणि मोठ्या जनावरांची शिकार करवणारा आमच्या गावचा पहिला परवानेदार शिकारी झाला. उत्तर पाठ झालं होतं. पटलं होतं की नाही, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

रानरेड्याच्या मागे जाणारा माणूस म्हणजे निधड्या छातीचा, अशी लोकांची समजूत असते. फिनियस भित्रा होता, आणि मला विचाराल तर म्हणूनच चांगला शिकारी होता. परदेशातून आलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी तो बंदूक देतच नसे. हातात मोपाने झाडाची काठी द्यायचा आणि दिवसभर उन्हात तिच्यासकट हिंडवायचा. काठीचं टोक चुकून कुणाकडे वळलं की फिनियस जागच्या जागी थांबायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा, ते टोक जमिनीकडे जाईपर्यंत. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक त्या काठीपायी संध्याकाळी रुसून बसलेत. फिनियस त्यांना चहा पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी द्यायचा.

काठीचा धडा झाला की दुसरा धडा. "रेडा पडला म्हणजे मेला असं समजू नका. मेलेल्या रेड्यानेच जास्त माणसं मारलीत. पडला तरी माझ्याकडे कान ठेवा. मी 'परत' म्हटलं की परत गोळी. तेव्हा विचार करायचा नाही." हे तो इतक्या वेळा बोलला होता की कॅम्पावरचा स्वयंपाकी कांदा चिरताना तेच पुटपुटायचा.

आता जायरोस. जायरोस माग काढायचा. फिनियसच्या पुढे वीस वर्षं तोच चालत आला, आणि वीस वर्षं मागे वळून त्याची टिंगल करत आला. टिंगल करायचा त्याला हक्कच होता, कारण तो फिनियसचा साविरा. साविरा म्हणजे मित्र तर खराच, पण हे नातं बापजाद्यांकडून चालत येतं. साविरा तुमच्या घरात येऊन तुमची बायको कशी हसते, तुम्ही कसे घोरता, याची नक्कल करू शकतो आणि तुम्हाला राग धरता येत नाही. बदल्यात तुम्ही मेलात की खड्डा तो खणतो. फिनियसचा बाप गेला तेव्हा जायरोसचा बाप मयताची टोपी घालून अंगणात आला होता. मयत कसा खिशातला तंबाखू पाहुण्याला दाखवून परत आत ठेवायचा, ते त्याने करून दाखवलं. रडून रडून डोळे सुजलेली फिनियसची आई हसली आणि मग दोन घास जेवली. साविरा असतो तो एवढ्यासाठी.

जायरोसची एक रीत होती, बापाकडून आलेली. जनावर पडलं की तो धावत जवळ जायचा, टोपी आणि बूट काढायचा, गुडघे टेकायचा आणि सावकाश टाळ्या वाजवायचा. जंगल ज्यांचं, त्या जुन्या लोकांना, पूर्वजांना, सांगायचं की तुमच्या गोठ्यातलं एक नेतो आहोत, रागावू नका. हे जनावर गरम असतानाच करायचं. गार झाल्यावर आभार मानणं म्हणजे जेवून हात धुतल्यावर 'जेवू का' विचारणं, असं जायरोस म्हणायचा. फिनियस मागून येऊन दोन टाळ्या वाजवायचा. वीस वर्षांत जायरोसची ही रीत आणि फिनियसचं ते 'परत' यांची कधी गाठ पडली नव्हती. रेडा एक तर जागीच खलास व्हायचा, नाहीतर दुसरी गोळी लगोलग जायची. दोन्ही गोष्टी फिनियसला माहीत होत्या. दोन्हीचा एकदम विचार करायची वेळ आली नव्हती, एवढंच.

ती वेळ आणली सिग्ने मॅडमने. बाई डेन्मार्कची, साठी ओलांडलेली, आयुष्यभर डुकरं पाळलेली. तिचा नवरा रेड्याच्या शिकारीला जायचं जायचं म्हणत म्हणत बटाटे लावण्यात म्हातारा होऊन वारला. तेव्हा बाईने डुकरं विकली आणि नवऱ्याची बंदूक घेऊन स्वतःच आली. तिच्या खिशात चघळायच्या काळ्या खारट गोळ्या असायच्या, त्या ती प्रेमाने सगळ्यांना वाटायची. जायरोसने पहिली तोंडात टाकली आणि झाडामागे जाऊन थुंकला. "फिनियस," तो म्हणाला, "ही बाई डुकरांना हेच घालत असणार. म्हणून विकली गेली ती."

पण पाहुणी म्हणून बाई म्हणजे सोनं. काठी दिली तर तिने विचारलं, "दोन दिवस घेऊ का?" सांगितलं बस की बसायची, सांगितलं थांब की डास चावत असतानाही हलायची नाही. फिनियसने माई टेंडाईला फोन करून सांगितलं, "असा पाहुणा देवाने सगळ्यांना द्यावा. सांगेन तेच करते, एक केसभर जास्त नाही की कमी नाही."

पाचव्या दिवशी सकाळी अंगवा नदीच्या अलीकडे, उंच गवतात, एक म्हातारा नर सापडला. बाईने गोळी सोडली. रेडा चार ढांगा टाकून धाडकन कोसळला. गवत हललं आणि शांत झालं. डावीकडून वारुळाला वळसा घालून जायरोस कधी पलीकडे पोचला, ते फिनियसने पाहिलं नाही. त्याची नजर रेड्याच्या कानावर होती. तो कान हलला.

"परत," फिनियस म्हणाला.

बाईने लगेच परत गोळी सोडली. गोळी शिंगाच्या जाड बुडख्यावर आपटली आणि रेड्याचा कान पडला. त्याच क्षणी रेड्याच्या पलीकडून अशी काही किंकाळी उठली की फिनियसला आधी वाटलं, रेडाच ओरडला. मग गवतातून जायरोसचं डोकं वर आलं. एका हातात टोपी, दुसरा हात मागे, कमरेखाली.

"फिनियस," तो म्हणाला, "तुझ्या मॅडमला सांग, रेडा इकडे नाही. रेडा तिकडे आहे."

जायरोसने बूट काढले होते आणि ते नीट ठेवायला तो मागे वळून वाकला होता. शिंगावरून उडालेला गोळीचा तुकडा त्याच्या उजव्या कुल्ल्यात शिरला होता. तसा पाठमोरा नसता तर तो तुकडा पोटात गेला असता. फिनियस त्याला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत धावत गेला. वाटभर जायरोस त्याच्या कानात सांगत होता की तू माझ्या बायकोपेक्षा हाडकुळा आहेस, जरा बरा माणूस बघून घ्यायला हवा होता. रक्त थांबत नव्हतं, आणि फिनियसच्या डोळ्यांतलं पाणीही.

दवाखान्यात तुकडा निघाला. नर्स म्हणाली, महिनाभर पालथं झोपायचं, धोका टळला. रिवाजाप्रमाणे पोलिसांना कळवलं गेलं, पोलिसांनी वन्यजीव खात्याला कळवलं, आणि चौकशी लागली. फिनियसचं लायसन्स आता त्या चौकशीवर लटकलं होतं. ते गेलं असतं तर बाकी काय येत होतं त्याला? शेतीत त्याचा हात असा होता की त्याने लावलेला मका बकऱ्यासुद्धा नाक मुरडून खायच्या.

कॅम्पाचा मॅनेजर रॉडनी गोरा, धष्टपुष्ट आणि स्वभावाने वाईट नसलेला माणूस. पण त्याचा सगळा जीव कॅम्पाच्या नावात. त्याने फिनियसला ऑफिसात बसवून कॉफी दिली.

"हे बघ, सरळ आहे. तू सगळ्यांना मागे थांबायला सांगितलं होतंस. जायरोस न विचारता पुढे गेला. संपलं. बाई सुटते, तू सुटतोस, कॅम्प सुटतो."

"आणि जायरोस?"

"त्याचं औषधपाणी कॅम्प करेल की. मी काय राक्षस आहे का?"

"पुन्हा जंगलात?"

रॉडनीने कॉफी ढवळली. "हुकूम मोडणाऱ्याला कोण घेतं बाबा? पण त्याचंही वय झालंच आहे."

जायरोसचं आणि फिनियसचं वय एकच होतं. फिनियस कॉफी संपवून दवाखान्यात गेला.

जायरोस पालथा पडून बोरं खात होता आणि बिया खिडकीबाहेर थुंकत होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं. कॅम्पावरच्या बातम्या आमच्याकडे गाडीच्या आधी पोचतात.

"घाल माझ्या नावावर," तो म्हणाला. "माझ्याकडे लायसन्स नाही, मग ते काय काढून घेणार? माझं जे जायचं ते गेलंच. अर्धं बूड."

"तुला पुन्हा कुणी रानात नेणार नाही."

"मग घरी बसेन. बायकोला बरं वाटेल."

"तुझी बायको तुला दोन दिवस घरात ठेवणार नाही."

"ते खरं," जायरोस म्हणाला आणि एक बी थुंकली. ती खिडकीच्या गजाला लागून आत परत आली. त्याने ती उचलून पुन्हा नेम धरला नाही, नुसता बाहेर बघत राहिला. खिडकीतून मोपानेची झाडं आणि त्यांच्या मागे खोऱ्याची कड दिसते. मग तो म्हणाला, "आणखी ऐक. ती तुझी डुकरांची बाई काल येऊन गेली. इथे बसून रडली. पोलिसांना तिने सांगितलंय, मी स्वतःच्या मनाने गोळी झाडली, मिस्टर चिरेंजे काही बोललेच नाहीत. मला म्हणते, तूही तसंच सांग. निघताना गोळ्या देऊन गेली. घे, त्या डब्यात आहेत. कुणाला मारायचं असेल तर उपयोगी पडतील."

'परत' हा शब्द त्या गवतात दोघांनीच ऐकला होता, फिनियसने आणि बाईने. बाईने तो गिळून टाकला होता. आता फिनियस नुसता गप्प बसला तरी सुटत होता. त्याला खोटं बोलायचीही गरज नव्हती. लोक त्याच्यासाठी ते आधीच बोलून ठेवत होते.

घरी आल्यावर माई टेंडाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं, साद्झा आणि सुकी मासळी. त्याने बोट लावलं नाही. त्याने सगळं सांगितलं, 'परत' सकट. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला, कारण लायसन्स ही तिचीही कमाई होती. रोज सकाळी साद्झा करपवून मिळवलेली.

"मॅडम म्हणते तिची चूक," फिनियस म्हणाला. "जायरोस म्हणतो त्याची. आणि खरंच, न सांगता पुढे गेला होता तो. तिने बघायला हवं होतं, पलीकडे कोण आहे ते."

माई टेंडाई उठून चुलीकडे गेली आणि लाकडी पळी घेऊन आली. मारायला नाही. ती नुसती हातात धरून समोर बसली.

"जबाबदार कोण?" तिने विचारलं.

फिनियसने ताट बाजूला सारलं.

"जेवा आता," ती म्हणाली. "उत्तर उद्या द्या, त्या बाईंना."

त्या बाई म्हणजे खात्याच्या मिसेस गुंबो. गंमत बघा, कायद्याचा पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्याही त्याच. फिनियसला दोनदा नापास केलं ते त्यांनीच. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, हातात छत्री आणि एक भली मोठी पर्स. चौकशी ऑफिसात बसून करायची नाही, जागेवर जाऊन जसंच्या तसं करून बघायचं, हा त्यांचा दंडक. जायरोसला गाडीत मागे गादी टाकून पालथा आणला. नर्सने हट्टाने एक उशीही दिली होती.

"मिस्टर चिरेंजे," मिसेस गुंबो म्हणाल्या, "तुमचं ते 'निम्मे निम्मे' मला अजून आठवतं. बरं, कोण कुठे होतं? सगळे जागा घ्या."

सिग्ने मॅडमने हातात काठी घेतली. फिनियस तिच्या उजव्या हाताला उभा राहिला. जायरोस एक हात उशीवर दाबून लंगडत वारुळाकडे गेला.

"आणि रेडा?" मिसेस गुंबोंनी विचारलं. "रेडा कोण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. जायरोसने हात वर केला. "मॅडम, मी झालो असतो, पण मला मीच व्हायचंय. रेड्याच्या मापाचे आपल्यात एकच आहेत." आणि त्याने अदबीने रॉडनीकडे बोट दाखवलं.

रॉडनी हसला. मिसेस गुंबो हसल्या नाहीत. तेव्हा रॉडनी इस्त्रीच्या चड्डीसकट गवतात आडवा झाला.

"डोकं इकडे," जायरोसने सांगितलं. "जीभ जरा बाहेर. नाही नाही, तो इतका वाईट दिसत नव्हता."

मिसेस गुंबोंनी छत्रीने जमिनीवर ठोकलं, आणि सगळे गप्प झाले. बाईने काठी खांद्याला लावली आणि तोंडाने "धडाम" म्हणाली. जायरोस वारुळाला वळसा घालून गेला, टोपी काढली, बूट काढले, आणि ते ठेवायला वाकला. फिनियस होता तिथून पाहत होता. काहीच दिसत नव्हतं. रॉडनीच्या पोटाआड आणि गवताआड जायरोस साफ नाहीसा झाला होता. त्या दिवशीही असाच नाहीसा झाला होता, आणि फिनियसने एकदाही विचारलं नव्हतं, जायरोस, कुठे आहेस? दोन शब्दांचं काम होतं. ते त्याला तिथे उभं राहिल्यावर दिसलं. इतकी वर्षं पाठ असलेलं उत्तर त्याला पटलं ते तिथे.

"मग?" मिसेस गुंबो म्हणाल्या. "आता दुसरी गोळी. त्याआधी कोण काय बोललं?"

"कुणी काही नाही," सिग्ने मॅडम घाईने म्हणाली. "मी स्वतःच्या मनाने झाडली. चूक माझी."

रॉडनीच्या पलीकडून आवाज आला, "नाही मॅडम, चूक माझी. मी न सांगता पुढे आलो."

"रेड्याला काही म्हणायचंय?" मिसेस गुंबोंनी विचारलं.

"जायरोसने हुकूम मोडला," रॉडनी गवतातून म्हणाला. मुंग्या चावत होत्या, त्यामुळे त्याचा आवाज जरा पातळ झाला होता.

"मी 'परत' म्हणालो," फिनियस म्हणाला.

सिग्ने मॅडमने त्याचा हात धरला. "मिस्टर चिरेंजे, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही काही..."

"मला आठवतंय. मॅडम सांगेन तेच करतात. मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं. जायरोस वीस वर्षं हेच करतोय, रेडा गरम असताना पुढे जातो, हे मला माहीत होतं. मॅडमना ते मी सांगितलं नव्हतं. पुढे जाऊ नको, हे जायरोसलाही कधी सांगितलं नव्हतं. दोघांनी आपापलं काम नीट केलं. मधे मी होतो, आणि मी पाहिलं नाही. चूक माझी."

मिसेस गुंबोंनी चष्मा काढून पुसला. "माझ्या नोकरीत," त्या म्हणाल्या, "एका गोळीला तीन मालक पहिल्यांदाच भेटले. एरवी एकही भेटत नाही. मिस्टर रॉडनी, उठा तुम्ही. रेडा मेला."

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. बाईवर ठपका नाही. जायरोसवर तर नाहीच, त्याची जागा कायम. फिनियसचं लायसन्स शिकारीचा हंगाम संपेपर्यंत जप्त, आणि पुढच्या हंगामाआधी कायद्याचा पेपर पुन्हा द्यायचा. "तोंडी," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर मी चौथ्यांदा वाचणार नाही."

आमच्याकडे कालपर्यंत ज्याला सलाम करतात, त्याला आज घरी बसलेला पाहणं गावाला फार आवडतं. फिनियसने ते सगळं ऐकून घेतलं. जायरोस रोज संध्याकाळी उशी काखेत मारून यायचा, ती ओट्यावर ठेवून तिच्यावर ऐसपैस बसायचा आणि फिनियसला दिवसभरात काय काय जमलं नाही ते विचारायचा. फिनियसने लावलेली भेंडी त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवली. जखम केव्हाच भरली होती, पण उशी काही त्याने सोडली नाही. मात्र अंधार पडायच्या आत तो मुद्द्यावर यायचा, आणि मग दोघं अंगणात रेघा ओढून बोलत बसायचे. इथे रेडा, इथे वारूळ, इथे तू, इथे मी. माई टेंडाई आतून ऐकायची.

"टाळ्या मी सोडणार नाही," जायरोस एकदा म्हणाला.

"सोड कोण म्हणतंय?" फिनियस म्हणाला. "उलट मी म्हणतो, सगळ्यांनीच वाजवायच्या. पाहुण्याने, मी, तू. एकाच वेळी. आधी दुसरी गोळी, मग सगळ्यांच्या बंदुका जमिनीवर, मग गुडघे, मग टाळ्या."

"का?"

"टाळ्या वाजवणाऱ्याच्या हातात बंदूक राहत नाही."

जायरोसने काटकीने रेघांशेजारी बंदुका आडव्या काढल्या. एवढ्यात काहीतरी टोमणा येणार म्हणून फिनियस वाट बघत होता. "हे तुला आधी सुचलं असतं," जायरोस शेवटी म्हणाला, "तर माझं बूड सारखं राहिलं असतं." मग उशी काखेत मारत म्हणाला, "माझ्या बापाला आवडलं असतं हे."

तोंडी परीक्षा खात्याच्या ऑफिसात झाली. मिसेस गुंबोंनी एकच प्रश्न विचारला, तोच. फिनियसने उत्तर दिलं. त्यांनी विचारलं, "मग त्याचं केलंत काय?" तेव्हा त्याने टाळ्यांचं सांगितलं. मिसेस गुंबोंनी खुर्ची बाजूला सारून त्याला गुडघ्यांवर बसायला लावलं आणि करून दाखवायला सांगितलं. शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन बघत होते. फिनियसने तळवे सरळ जुळवून सावकाश टाळ्या वाजवल्या. लायसन्स मिळालं.

नव्या हंगामाला पहिली पाहुणी सिग्ने मॅडमच आली. फिनियसने तिच्या हातात काठी दिली, तिने ती टोक जमिनीकडे करूनच घेतली. या वेळी काळ्या गोळ्यांचा डबा मोठा होता. जायरोसने त्यातली एक सर्वांदेखत तोंडात टाकली, चघळली आणि गिळली. त्याचे डोळे भरून आले. भावनेने आले की गोळीने, ते त्याने सांगितलं नाही.

रेडा पडला तो गोरखचिंचेच्या मोठ्या झाडापाशी. कान हलला. फिनियसच्या ओठांवर शब्द आला, आणि त्याने तो तिथेच धरून ठेवला.

"जायरोस, कुठे आहेस?"

"तुझ्या मागे," जायरोस म्हणाला. "आणि माझं बूड झाडामागे."

"परत," फिनियस म्हणाला, आणि बाईने परत गोळी सोडली. रेडा निपचित झाला. मग दोन्ही बंदुका रिकाम्या करून गवतात ठेवल्या, टोप्या निघाल्या, बूट निघाले, आणि तिघं ओळीने गुडघ्यांवर बसले. बाईने तळवे सरळ जुळवून टाळी वाजवली तेव्हा जायरोस म्हणाला, "मॅडम, तशी पुरुषांची. बायका ओंजळीसारखे आडवे हात करून वाजवतात. तुम्ही जुन्या लोकांना गोंधळात पाडाल." बाईने हात बदलले आणि पहिल्यासारखंच, सांगितलं तसं, नेमकं केलं.

नव्या नियमात एक कलम अंगणात रेघा ओढताना जायरोसने स्वतः घातलं होतं. टाळ्या कधी संपल्या, हे तो ठरवणार. तो उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, बंदुकीला हात लावायचा नाही. फिनियसने ते मान्य केलं होतं. न करून काय करतो, त्या बुडावर त्याचा काही हक्क उरला नव्हता.

जायरोसने टाळ्या वाजवत जंगलाच्या जुन्या लोकांना रेड्याचं सांगितलं. मग सिग्ने मॅडमचं सांगितलं, की ही लांबून आली आहे, हिचा नवरा बटाटे लावता लावता गेला, त्याला तिकडे भेटलात तर कळवा की रेडा मिळाला. बाईला शब्द कळले नाहीत, पण मध्येच स्वतःचं नाव ऐकून तिने मान लववली. मग त्याने फिनियसचं सुरू केलं. निम्मे निम्मेचं सांगितलं, पळीचं सांगितलं, भेंडीचं सांगितलं. फिनियसचे गुडघे दुखायला लागले होते. ऊन चढत होतं, माश्या आल्या होत्या. तिघांचे सहाही हात समोर होते, आणि रिकामे. फिनियसने जायरोसकडे बघितलं, तर तो डोळे मिटून, अगदी सावकाश, बोलतच होता.

फिनियस हलला नाही. जायरोसचं अजून संपलं नव्हतं.